ट्रॉफी त्यालाच का? कॉलेज बास्केटबॉलच्या ऑनलाइन खेळातल्या चक्रावणाऱ्या निवडी

२०२२च्या जूनमध्ये बेंगळुरूत मध्य प्रदेशानं मुंबईला ६ गडी राखून हरवलं आणि राज्याच्या नावावर पहिला रणजी करंडक लागला. इंदूरच्या होळकर संघाचे ४ करंडक त्याआधीचे, शेवटचा १९५२-५३चा. पण त्या मोसमात स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला हरलेल्या मुंबईचा सर्फराज खान, ९८२ धावांसह. अंतिम सामन्याचा मानकरी मात्र आपला शुभम शर्मा. इंदूरच्या क्रिकेटवेड्या माणसाला यात काही खटकत नाही. एका बक्षिसासाठी अख्ख्या मोसमाची वही उघडली, दुसऱ्यासाठी फक्त एका सामन्याची, हे त्याला न सांगता कळतं.

तोच माणूस मोबाइलवर अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा सिम्युलेशन खेळ खेळायला बसला, की मात्र ही समज हरवते. ‘माझ्या गार्डची सरासरी २२ गुणांची, आणि प्लेअर ऑफ द इयर १३ गुणांचा सेंटर? काहीतरी घोळ आहे!’ (गार्ड म्हणजे बाहेरून खेळ रचणारा, सेंटर म्हणजे टोपलीखालचा उंच खेळाडू.) कधीकधी घोळ असतोही. पण दहातल्या आठनऊ वेळा वही वेगळी उघडलेली असते, एवढंच. ती कोणती, हे बाहेरून कसं ओळखायचं ते इथे पाहू.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. यात तुम्ही खेळाडू नसता, कोच असता. शाळेतून बाहेर पडणारी मुलं भरती करायची, ती जास्तीत जास्त चार वर्षं टिकणार. कोणाला किती मिनिटं द्यायची, आक्रमण कोणत्या पद्धतीचं, बचाव माणसामागे माणूस की झोन (जागा वाटून) की पूर्ण कोर्टभर प्रेस (चेंडूवाल्यावर सतत दबाव), हे तुम्ही ठरवून ठेवायचं. सामना सर्व्हर खेळतो, खेळाडूंचे गुणांक (कौशल्यांना दिलेले आकडे) आणि नशिबाचे फासे मिसळून. तुमच्या हाती येतो तो बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्यातल्या आकड्यांचा तक्ता. मोसम संपला की यादी झळकते: कॉन्फरन्सचा (एकमेकांशी साखळी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा) सर्वोत्तम खेळाडू, ऑल-कॉन्फरन्सचे (त्या गटातल्या निवडक खेळाडूंचे) पहिला-दुसरा संघ, ऑल-अमेरिकन (देशभरातले निवडक), सर्वोत्तम नवोदित, सर्वोत्तम बचावपटू. आणि यादी झळकली की भांडण.

खऱ्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हे मतदानानं ठरतं. असोसिएटेड प्रेस (एपी) ही वृत्तसंस्था पत्रकारांची मतं घेते, कोचांची संघटना आपली निवड करते, बास्केटबॉल लेखकांची संघटना आपली. मतदार म्हणजे माणूस. तो सामने बघतो, विसरतो, भारावतो. खेळात असं कोणी नसतं. तिथे एक प्रोग्रॅम ठरलेल्या दिवशी हजारो खेळाडूंची यादी एका रकान्यानुसार उतरत्या क्रमानं लावतो आणि वरची नावं उचलतो. त्यामुळे ‘पक्षपात’ हा शब्द इथे निरुपयोगी. विचारायचं ते एवढंच: रकाना कुठला?

एकच आकडे, तीन निकाल

वरचे दोघे खेळाडू घेऊ. आकडे समजावण्यापुरते बनवलेले आहेत, सगळे एका सामन्याच्या सरासरीचे. रिबाउंड म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू (आपल्याच संघाचा शॉट असेल तर आक्रमक, समोरच्यांचा असेल तर बचावात्मक), असिस्ट म्हणजे बास्केट घडवणारा पास, स्टील म्हणजे हिसकावलेला चेंडू, ब्लॉक म्हणजे अडवलेला शॉट, टर्नओव्हर म्हणजे गमावलेला चेंडू, फाउल म्हणजे नियमभंग, आणि फ्री थ्रो म्हणजे त्याबद्दल मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट.

गार्ड: २२ गुण, ४ रिबाउंड (१ आक्रमक, ३ बचावात्मक), ३ असिस्ट, १ स्टील, ब्लॉक शून्य. मैदानी शॉट १९पैकी ८, त्यातले २ थ्री-पॉइंटर. फ्री थ्रो ५पैकी ४. टर्नओव्हर ३, फाउल २.

सेंटर: १३ गुण, १० रिबाउंड (३ आक्रमक, ७ बचावात्मक), १ असिस्ट, १ स्टील, ३ ब्लॉक. शॉट ८पैकी ५. फ्री थ्रो ५पैकी ३. टर्नओव्हर २, फाउल ३.

पहिलं सूत्र सगळ्यात भोळं: गुण पूर्ण धरा, बाकी चांगल्या गोष्टी (रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक) निम्म्या. गार्ड २६, सेंटर २०.५. गार्ड आरामात जिंकतो.

दुसरं सूत्र ‘एफिशिएन्सी’ नावानं जगभर वापरलं जातं. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक यांची बेरीज करायची आणि त्यातून चुकलेले शॉट, चुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर वजा करायचे. गार्डचे ३०मधून ११, १ आणि ३ गेले, उरले १५. सेंटरचे २८मधून ३, २ आणि २ गेले, उरले २१. सेंटर ६नं पुढे! बहुतेक ‘हे कसं शक्य आहे’ इथेच सुटतं. या सूत्रात रिबाउंडची किंमत गुणाइतकीच धरलेली असते, आणि सेंटर टोपलीखाली उभा असल्यामुळे त्याचे शॉटही कमी चुकतात.

तिसरं ‘गेम स्कोअर’, बास्केटबॉल विश्लेषक जॉन हॉलिंजर यांचं. त्यात गुणांमध्ये यशस्वी शॉटचे ०.४ मिळवतात आणि मारलेल्या प्रत्येक शॉटमागे ०.७ वजा करतात. चुकलेला फ्री थ्रो उणे ०.४. आक्रमक रिबाउंड ०.७, बचावात्मक ०.३. स्टील १, असिस्ट ०.७, ब्लॉक ०.७. फाउल उणे ०.४, टर्नओव्हर उणे १. हिशोब केला तर गार्ड १२.४, सेंटर १३.४. सेंटरच पुढे, पण आता फरक फक्त १चा. गार्डनं सरासरी दोन असिस्ट जास्त दिले असते तर पारडं फिरलं असतं.

म्हणजे खेळाडू तेच, सामने तेच, आणि निकाल एकदा गार्डच्या बाजूनं, एकदा सेंटरच्या बाजूनं दणकून, एकदा सेंटरच्या बाजूनं काठावर. ‘माझा खेळाडू चांगला होता’ या वाक्याला सूत्र सांगितल्याशिवाय अर्थ नाही तो यामुळे.

एफिशिएन्सीची आणखी एक खोड माहीत असलेली बरी. दोन गुणांचा शॉट पडला तर अधिक २, चुकला तर उणे १. म्हणजे तीनपैकी एक पडला तरी खेळाडूचं काही जात नाही, ३३.३ टक्क्यांच्या वर नेम असला की तो जितके जास्त शॉट मारेल तितका त्याचा आकडा वाढतो. थ्री-पॉइंटरला तर ही सीमा २५ टक्के. गेम स्कोअरमध्ये ती आणखी खाली येते, दोन गुणांच्या शॉटला साधारण २९ आणि तीनच्या शॉटला २१ टक्के. बास्केटबॉल समजणारा कोणताही कोच ३४ टक्के नेमाच्या माणसाला दोन गुणांचे वीस शॉट मारू देणार नाही. सूत्र मात्र त्याला शाबासकी देतं. ‘इतका वाईट नेम असून हा ऑल-कॉन्फरन्स?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच.

बेरीज की सरासरी

एक खेळाडू २१च्या सरासरीनं २२ सामने खेळला, दुखापतीनं ५ सामने बाहेर. दुसरा १८च्या सरासरीनं सगळे २७ खेळला. पहिल्याची बेरीज ४६२, दुसऱ्याची ४८६. प्रोग्रॅम बेरजेवर चालत असेल तर दुसरा जिंकतो, आणि खेळाच्या पानावर सरासरीच दिसत असल्यामुळे पहिल्याच्या कोचला घाम फुटतो.

उलट प्रकारही होतो. सरासरीवर चालणाऱ्या खेळात किमान सामन्यांची अट नसेल तर ६ सामने खेळून बाहेर गेलेला मुलगा यादीत वर दिसतो. अट असेल तर ती किती टक्के सामन्यांची आहे ते शोधावं लागतं. त्यासाठी दुखापतग्रस्त चांगल्या खेळाडूंवर लक्ष ठेवावं: किती सामने चुकलेला शेवटचा खेळाडू निवडला गेला, आणि किती चुकलेला पहिला वगळला गेला. त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी रेषा आहे.

वेगाचा फुगा

इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा किस विकणारे दोन ठेले समजा. एकापुढून तासाला ८० गिऱ्हाइकं जातात, दुसऱ्यापुढून ६२. पहिल्यानं जास्त प्लेटा विकल्या म्हणून त्याचा किस चांगला असं कोणी म्हणत नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र आपण सर्रास तसंच म्हणतो.

४० मिनिटांच्या सामन्यात संघाकडे चेंडूचा ताबा किती वेळा येतो हे संघाच्या शैलीवर ठरतं. झटपट हल्ला आणि पूर्ण कोर्टचा प्रेस खेळणाऱ्या संघाला ८० ताबे मिळत असतील आणि संथ संघाला ६२, तर वेगवान संघातल्या २१.६ सरासरीच्या गार्डचे दर शंभर ताब्यांमागे २७ गुण होतात. संथ संघातल्या १८.६वाल्याचे ३०. खरा भारी दुसरा, पण यादीत पहिला. ताब्यांचा हा हिशोब करून मग खेळाडू निवडणारा सिम्युलेशन खेळ मिळणं दुर्मीळ. बहुतेकांची सूत्रं कच्च्या सरासरीवरच उभी असतात.

ताबे बॉक्स स्कोअरवरून काढता येतात. संघाचे एकूण शॉट, वजा आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४७५. (एनबीए या व्यावसायिक लीगसाठी तो गुणक ०.४४ धरतात, कॉलेजसाठी ०.४७५.) उदाहरणार्थ ६० शॉट, १० आक्रमक रिबाउंड, १३ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो: ६० - १० + १३ + ९.५ = ७२.५. पाचसहा सामन्यांचे ताबे काढले तरी संघाचा वेग लक्षात येतो.

समोर कोण होतं

ऑनलाइन खेळात ही भानगड खऱ्या जगापेक्षा मोठी आहे. सगळ्या संघांना माणूस कोच मिळत नाही. उरलेले संघ संगणक चालवतो आणि ते बहुधा कमजोर असतात. एखाद्या कॉन्फरन्समध्ये १२पैकी १० कोच माणसं, दुसरीत फक्त २. त्या दुसऱ्या कॉन्फरन्समधला बरा खेळाडू आठवड्याला दोनदा संगणकाचे संघ झोडपतो आणि त्याचे आकडे फुगतात. प्रोग्रॅमनं प्रतिस्पर्ध्याची ताकद धरली नाही तर ऑल-अमेरिकन यादीत अशा ओसाड कॉन्फरन्समधली नावं भरतात. ‘हा कोण बुवा?’ असं वाटायला लावणारी नावं बहुतेक तिथली.

खऱ्या जगात मतदार हे ओळखतात. २०२२-२३मध्ये देशात सर्वाधिक सरासरी होती डेट्रॉइट मर्सीच्या अँटवान डेव्हिसची, २८.२. कारकिर्दीतले त्याचे ३,६६४ गुण पीट मॅराविचच्या ३,६६७ या विक्रमाला फक्त तीननं कमी पडले. तरीही त्या वर्षी देशाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला पर्ड्यूचा झॅक ईडी, २२.३ गुण आणि १२.९ रिबाउंडवाला, आणि एपीच्या पहिल्या ऑल-अमेरिकन संघातही डेव्हिस नव्हता. त्याची कॉन्फरन्स छोटी, हे कारण मतदाराच्या डोक्यात असतं. प्रोग्रॅमच्या डोक्यात ते कोणीतरी घालावं लागतं.

काही खेळ ते घालतात, आणि मग दुसऱ्या टोकाची तक्रार येते: ‘कमी आकड्यांचा खेळाडू मोठ्या कॉन्फरन्सचा म्हणून जिंकला.’ ताकद मोजायला अशा खेळांत बरेचदा जुना आरपीआय वापरलेला दिसतो: २५ टक्के स्वतःच्या संघाचं विजयाचं प्रमाण, ५० टक्के प्रतिस्पर्ध्यांचं, २५ टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं. अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिनं स्वतः तो २०१८मध्ये सोडून ‘नेट’ हे नवं मापक घेतलं. लक्षात ठेवायचं ते हे, की आरपीआयमधला तीन चतुर्थांश भाग तुम्ही किती जिंकलात यावर नसून कोणाशी खेळलात यावर असतो. खेळाडूच्या बक्षिसात संघाचा आरपीआय मिसळलेला असेल, तर मोसमाआधी ठरवलेलं वेळापत्रकच तुमच्या गार्डची ट्रॉफी अर्धीअधिक ठरवून टाकतं.

कॅमेऱ्याचं बटण कधी दाबलं

खटकणाऱ्या निवडींतला मोठा वाटा तारखेचा. प्रोग्रॅम आकड्यांचा फोटो एका क्षणी काढतो. तो क्षण साखळी सामने संपल्यावर आणि कॉन्फरन्स स्पर्धेच्या (बाद फेरीच्या) आधी असेल, तर स्पर्धेत तुमच्या मुलानं ठोकलेले ३८ गुण हिशोबात नाहीत. यादी मात्र स्पर्धा संपल्यावर जाहीर होते आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते ३८ ताजे असतात.

२०११चं उदाहरण नमुनेदार आहे. बिग ईस्ट कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला नोत्र दामचा बेन हॅन्सब्रो. त्याच कॉन्फरन्समधल्या कनेटिकटच्या केम्बा वॉकरनं त्यानंतर कॉन्फरन्स स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने जिंकून दिले आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही. वॉकर ऑल-अमेरिकन पहिल्या संघात आला. म्हणजे देशातल्या पहिल्या पाचांत असलेला माणूस स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये मात्र पहिला नाही! कारण दोन वेगळ्या वह्या. कॉन्फरन्सच्या साखळीत कनेटिकट ९-९ होतं आणि नोत्र दाम १४-४. खेळात अशी विसंगती दिसली तर आधी हे तपासा: कॉन्फरन्सचं बक्षीस फक्त कॉन्फरन्सच्या सामन्यांवर दिलंय का, आणि राष्ट्रीय बक्षीस सगळ्या सामन्यांवर?

तारखेत आपल्या बाजूनं एक आडवळण आहे. सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेवर चालत असेल तर तिथली रात्रीची ११:५९ म्हणजे इंदुरात दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात, मग तीच वेळ इथे ९:२९ होते. नेमका बक्षिसांचा हंगाम हाच, रंगपंचमीच्या गेरीच्या (इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीच्या) आसपासचा. ‘काल दुपारी पाहिलं तेव्हा माझाच पुढे होता’ म्हणणाऱ्यानं काल दुपार ही फोटोच्या आधीची की नंतरची, हे मोजून पाहावं.

अंतिम स्पर्धेच्या मानकऱ्याचं गणित आणखी वेगळं. बरेच खेळ फक्त विजेत्या संघातून निवडतात. खऱ्या एनसीएए स्पर्धेत हरलेल्या संघाचा खेळाडू सर्वोत्तम ठरल्याचं शेवटचं उदाहरण १९८३चं आहे, ह्यूस्टनचा ओलाजुवान. आणि कमी गुणांची निवड बघून हसण्याआधी २०१२चा अंतिम सामना आठवावा. केंटकीच्या अँथनी डेव्हिसनं १०पैकी १ शॉट पाडला, एकूण ६ गुण केले, आणि तोच सर्वोत्तम ठरला. १६ रिबाउंड, ६ ब्लॉक, ५ असिस्ट, ३ स्टील. ज्यानं सामना पाहिला त्याला ती निवड अजिबात विचित्र वाटली नसेल.

जागेचं आरक्षण

ऑल-कॉन्फरन्स संघात पाच नावं असतात. ती सरसकट पहिली पाच आहेत, की २ गार्ड, २ फॉरवर्ड (गार्ड आणि सेंटर यांच्या मधले), १ सेंटर असा साचा आहे? साचा असेल तर कॉन्फरन्समधला पाचवा उत्तम गार्ड दोन्ही संघांबाहेर राहतो आणि दुसरा बरा सेंटर दुसऱ्या संघात जाऊन बसतो. अन्याय वाटतो खरा, पण साच्याचं ते काम आहे.

त्यातही एक गाठ: प्रोग्रॅम खेळाडूची नोंदवलेली जागा बघतो की प्रत्यक्ष खेळलेली? भरतीच्या वेळी ‘फॉरवर्ड’ म्हणून आलेल्या चपळ मुलाला तुम्ही चार वर्षं गार्ड म्हणून खेळवलंत, तरी त्याच्या नावापुढे फॉरवर्डच राहतं. मग तो फॉरवर्डांच्या रांगेत मोजला जातो, तिथे रिबाउंडवाल्यांशी त्याची गाठ पडते आणि तो मागे राहतो. काही खेळांत मोसमाआधी जागा बदलता येते. गार्डांची रांग दाट असेल आणि सेंटरांची विरळ, तर हा बदल फुकटात जागा मिळवून देतो.

बचावपटूचं बक्षीस सगळ्यात बेभरवशाचं. बॉक्स स्कोअरमध्ये बचावाचे रकाने दोनच, स्टील आणि ब्लॉक. बचावात्मक रिबाउंड जोडले तर तीन. समोरच्या गार्डला शॉटच मारू न देणारा खेळाडू यात दिसतच नाही, आणि प्रेस खेळणाऱ्या संघातला सुमार बचावपटूही स्टील गोळा करतो. खरी परीक्षा करायची तर प्रतिस्पर्ध्यांचे बॉक्स स्कोअर उघडून, आपल्या खेळाडूनं ज्याला धरलं त्याचा नेम त्या सामन्यात त्याच्या मोसमी सरासरीपेक्षा किती घसरला ते पाहावं. दहा सामन्यांचं काम आहे, कंटाळवाणं आहे, आणि बक्षिसावर त्याचा काही परिणाम होणार नाही. मिनिटं कोणाला द्यायची हे ठरवायला मात्र उपयोगी.

सर्वोत्तम नवोदितासाठी पात्रता तपासा. एक वर्ष न खेळता राखून ठेवलेला मुलगा पहिल्यांदा उतरतो तेव्हा काही खेळ त्याला नवोदित धरतात, काही नाही. मोसमाआधीच्या ऑल-अमेरिकन यादीत तर सामन्यांचे आकडेच नसतात. ती गुणांकांवरून बनते, आणि ‘एकूण गुणांक’ ही सगळ्या गुणांची सरळ बेरीज असेल तर सेंटरची पासिंग आणि गार्डची ब्लॉक करण्याची क्षमता, असल्या निरुपयोगी आकड्यांनीही तो वर जातो. ती यादी मनावर घेऊ नये.

सूत्र शोधायची पद्धत

स्प्रेडशीट उघडा. एका ओळीत एक खेळाडू. आपल्या कॉन्फरन्समधल्या १२ संघांचे प्रत्येकी पहिले तीन, म्हणजे ३६ ओळी; चार मोसमांच्या १४४. रकाने: सामने, मिनिटं, गुण, दोन्ही प्रकारचे रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, टर्नओव्हर, शॉट मारले आणि पडले, फ्री थ्रो मारले आणि पडले, संघाचे विजय, नोंदवलेली जागा. फक्त कॉन्फरन्सचे आकडे वेगळे मिळत असतील तर तेही. शेवटचा रकाना निकाल: पहिला संघ, दुसरा संघ, बाहेर. आकडे बक्षीस जाहीर व्हायच्या आधी उतरवून ठेवा, कारण नवा मोसम सुरू झाला की काही खेळ जुनी पानं पुसतात.

मग प्रत्येक संभाव्य सूत्राचा एक रकाना करा आणि त्यावर क्रम लावून किती निवडी जुळतात ते मोजा. सुरुवात मुद्दाम सगळ्यात बावळट सूत्रानं करा: ‘जास्त गुण तो पुढे’. चार मोसमांच्या ४० जागांपैकी या बावळट सूत्रानंच २६ जुळल्या, तर तुमचं हुशार सूत्र २८ जुळवून काही सिद्ध करत नाही. ३५-३६पर्यंत गेलं तर हाती काहीतरी लागलं.

लोक विजेत्यावर डोळा ठेवतात आणि तिथेच फसतात. विजेता बहुधा कोणत्याही सूत्रानं विजेताच असतो. खरी माहिती काठावर असते: दुसऱ्या संघातला पाचवा आणि बाहेर राहिलेला पहिला. या दोघांत कोण कशात पुढे होता, अशा आठदहा जोड्या एकाखाली एक लिहा. आत गेलेल्या सगळ्यांच्या संघाचे विजय जास्त निघाले तर संघाचा वाटा आहे. सामने जास्त निघाले तर बेरीज आहे. रिबाउंड जास्त निघाले तर एफिशिएन्सीसारखं काहीतरी आहे. जागेनुसार गुंता सुटला तर साचा आहे.

दोन सावधगिऱ्या. एक, दहा वेगवेगळे गुणक फिरवत बसलात तर ४० निवडी कशाही जुळवता येतील आणि पाचव्या मोसमात सगळं कोसळेल. म्हणून शेवटचा मोसम झाकून ठेवा, पहिल्या तिघांवर सूत्र बेतून त्याच्यावर तपासा. गुणक तीनचारपेक्षा जास्त नकोत. दोन, पानावर दिसणारा आकडा गोल केलेला असतो. १८.६ आणि १८.६ दिसतं, आत १८.५६ आणि १८.६४ असतं. प्रत्येक सामन्याचे आकडे मिळवून खरी बेरीज काढली की हे कळतं. बेरीजही सारखीच निघाली तर प्रोग्रॅम बरोबरी कशीतरी फोडतोच, कधी खेळाडूच्या अंतर्गत क्रमांकानं, कधी नावाच्या वर्णानुक्रमानं. त्यात अर्थ शोधू नये.

खरा दोष असतो तो कसा ओळखावा? तो सूत्राच्या बाहेरचा असतो. एकच खेळाडू पहिल्या आणि दुसऱ्या संघात दोन्हीकडे. मोसम अर्धा झाल्यावर सोडून गेलेला मुलगा यादीत. चौथ्या वर्षाचा खेळाडू सर्वोत्तम नवोदित. शून्य मिनिटांचा खेळाडू बचावपटू. असं दिसलं तर तक्रार करावी, आणि त्यात ‘माझा खेळाडू चांगला होता’ हे न लिहिता मोसम, कॉन्फरन्स, दोन्ही खेळाडू आणि जुळत नसलेले आकडे लिहावेत. प्रोग्रॅमरला मताचं काही करता येत नाही, पुन्हा घडवून बघता येणारी चूक मात्र सापडते.

सूत्र कळल्यावर त्याच्या मागे लागावं का, हा वेगळा हिशोब. बक्षिसामुळे खेळात प्रत्यक्ष काही मिळतं का ते आधी पाहा: कॉलेजची प्रतिष्ठा, भरतीत वजन, की नुसता नावापुढचा तारा. काही मिळत असेल तर शेवटच्या चारपाच सोप्या सामन्यांत आघाडी २० झाली तरी ताऱ्याला बेंचवर न बसवता ४ मिनिटं जास्त ठेवता येतं. काठावरच्या खेळाडूला तेवढी पुरतात. मात्र दुखापतीची शक्यता मिनिटांबरोबर वाढणारा खेळ असेल तर हा उद्योग कॉन्फरन्स स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात करू नये.